एक कान उघडा

या, असे जवळ सरका. तिकडं खांबापाशी बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि गोष्ट तर सगळी कानांचीच आहे. पांडुरंगाचं नाव घेऊन सांगतो. एक मुलगी होती, पक्की संशयी. आणि एक माणूस होता सरळ, पण असा, की पावलोपावली तिच्या संशयाला खतपाणी घालणारा. गोष्ट प्रेमाची आहे, तेव्हा तरण्यांनी पुढं बसावं. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं तरी हरकत नाही… लाजायचं काम नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. सांगलीच्या हळद पेठेतल्या मारुतीच्या देवळात श्रावणाचा सप्ताह बसला होता आणि कीर्तनाला साताऱ्याहून सुभेदारबुवा आले होते. नाव नाथाजी. पण फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि हातात चिपळ्या घेतल्या, म्हणून सगळा मुलूख त्यांना सुभेदारबुवा म्हणायचा. त्यांच्या मागं पेटीवर बसायची त्यांची धाकटी मुलगी सुहासिनी. बोटं पेटीवर, नजर श्रोत्यांवर. कोण झोपलाय, कोण चपला मोजतोय, कोण प्रसादावर डोळा ठेवून आलाय, सगळं तिला तिथून दिसायचं.

त्या संध्याकाळी तिला दिसला एक उंचसा, पांढऱ्या शर्टातला तरुण. खांबाशी बसलेला, मान एका बाजूला कललेली, उजव्या कानावर तळहात घट्ट दाबलेला… आणि ओठ हळूहळू हलत होते.

सुहासिनीचा सूर तापला. क्रिकेटची मॅच चालू होती ना! हल्ली पोरं खिशात ट्रान्झिस्टर ठेवायची आणि कानात इयरफोनचं बोंडूक घालून कॉमेंट्री ऐकायची. पण कीर्तनात? तिच्या आप्पांच्या कीर्तनात?

पूर्वरंग संपला. बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला, मंडळी पाय मोकळे करायला उठली. सुहासिनी तडक त्या खांबापाशी गेली.

"किती झाल्या?"

तो दचकला. "काय किती?"

"धावा. आऊट कोण झालं तेही सांगा, म्हणजे आम्ही उत्तररंगाला मोकळ्या."

त्याला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यानं शांतपणे मान वाकवली आणि कान तिच्यापुढं केला. "बघून घ्या. काही नाही त्यात."

भर देवळात, परक्या माणसाचा कान! सुहासिनीला हसू येत होतं, पण तिनं ते गिळलं. "शर्टात लपवलं असेल."

"झडती घेताय?"

"घेतली असती. मारुतीसमोर नको म्हणून सोडते. मग हात कशाला धरला होता कानावर?"

"सवय."

"आणि ओठ? आप्पांची नक्कल चालली होती ना?"

"नक्कल न्हाई ओ… नाही." त्यानं स्वतःला सावरलं, आणि ते सावरणं तिनं बरोबर टिपलं. "समोरचा जे बोलेल ते परत म्हणायची सवय आहे. नोकरीच असली आहे."

"अगं बाई! कुठल्या ऑफिसात पोपटाची जागा निघाली?"

"मुंबईच्या विमानतळावर," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडत नव्हती, काही नाही. पण डोळे असे उजळले की देवळातल्या समया जरा मंद वाटाव्यात. सुहासिनी तरातरा पेटीकडं परतली. उत्तररंगात तिची बोटं दोनदा चुकली. बुवांनी मागं वळून पाहिलं, ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी कळलं, हा कृष्णात. पलूसचा. बुवांचा मुक्काम ज्यांच्या घरी होता त्या हळदीच्या व्यापारी लालासाहेबांचा हा सख्खा भाचा, रजेवर आलेला. म्हणजे आता सकाळच्या चहाला समोर, दुपारच्या पानाला समोर, संध्याकाळी देवळात समोर. देव काही वेळा असं करतो… माणसाला पळायला वाट ठेवत नाही.

बाहेर रिपरिप चालली होती. सोप्यात हळदीच्या पोत्यांचा वास कोंडला होता. सुहासिनी निवडायला तांदूळ घेऊन बसली आणि तांदळातला खडा शोधावा तसं तिनं त्याला निवडायला घेतलं.

"विमानांना वाट दाखवता म्हणे."

"हो. टॉवरमध्ये बसून. कोण आधी उतरायचं, कोण थांबायचं, किती उंचावर राहायचं, ते सांगायचं."

"आणि ती ऐकतात तुमचं?"

"घरची म्हैस ऐकत नाही. विमान ऐकतं."

"कसं ऐकतं? इथून ओरडता?"

"हेडसेट असतो." त्यानं चिवड्याच्या ताटातल्या दोन रिकाम्या वाट्या उचलून पुढं केल्या. "ह्या धरा दोन्ही कानांवर. घट्ट."

तिनं धरल्या. जग एकदम लांब गेलं. पाऊस गेला, पेठेतला गलका गेला, कानात नुसतं घूं… घूं… राहिलं. समोर कृष्णातचे ओठ हलले. काहीतरी बोलला तो. थोडकंच, आणि बोलून खाली बघितलं.

तिनं झटकन वाट्या काढल्या. "काय म्हणालात?"

"काही नाही."

"मी पाहिलं ना!"

"पाहिलंत, ऐकलं नाही. हेडसेटचा हाच तर दोष आहे."

तिनं तांदळाची मूठ त्याच्या अंगावर फेकली असती, पण अन्न होतं. "दोष? मग घालता कशाला?"

आणि मग त्याची कळी खुलली. टॉवरमध्ये या हेडसेटवरून किती भांडणं होतात ते तो सांगायला लागला. एकच हेडसेट पाळीपाळीनं सगळ्यांच्या डोक्यावर चढतो. त्यामुळं आधीच्या माणसानं कुठलं तेल लावलंय ते पुढच्याला न विचारता कळतं. माक्याचं तेल लावणाऱ्या एका साहेबांवर सगळ्यांचा दात. कुणाला घाम येतो म्हणून तो कानाच्या गाद्यांना रुमाल गुंडाळतो. कुणी म्हणतं डोकं आवळतं, कुणी म्हणतं घरी गेल्यावरसुद्धा डोक्यावर असल्यासारखंच वाटतं. एक जुने कंट्रोलर तर म्हणायचे, हेडसेट नकोच, भिंतीवरचा भोंगा बरा. चारचौघं ऐकतात तेव्हा चूक लपत नाही.

"आणि सगळ्यात मोठं भांडण पक्षांचं. एक पक्ष दोन्ही कान झाकणाऱ्यांचा, एक पक्ष एकच कान झाकणाऱ्यांचा. वाद सुरू झाला की चहा निवतो, पण वाद मिटत नाही."

"तुम्ही कुठल्या पक्षातले?"

"एका कानाच्या."

"का?"

कृष्णात बोलता बोलता थांबला. पागोळ्यांकडं बघत राहिला. "…असंच."

सुहासिनीच्या बोटांतला तांदूळ तिथंच राहिला. असंच! या एका शब्दानं तिच्या घरावर काय आणलं होतं ते तिला ठाऊक होतं.

तिची थोरली बहीण शरयू. तिला वाईला दिली. बघण्याचा कार्यक्रम त्या लोकांनी ऐन दुपारी ठेवला. संध्याकाळचा का नको, असं बुवांनी विचारलं, तर म्हणाले, "असंच." साखरपुडा दुपारी. लग्नाचा मुहूर्तही धरून बसले तो दुपारचाच. सासरी गेल्यावर दिवेलागणीला शरयूला कळलं, नवरा रातांधळा आहे. माणूस चांगला होता. शरयू त्याचा हात धरून त्याला परसात न्यायची, जेवायला बसवायची. त्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. पण फसवलं ते फसवलंच. माहेरी आली की उंबऱ्याशी बसून एकच म्हणायची, "मला नुसतं सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं गं."

त्या दिवसापासून सुहासिनीनं मनाशी गाठ मारली होती. ज्या माणसाकडं एकसुद्धा 'असंच' असेल त्याच्या गळ्यात माळ घालायची नाही.

पण गाठ मनाची होती, आणि मन हल्ली संध्याकाळी खांबाकडं बघायचं.

सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी लालासाहेबांनी बुवांपाशी गोष्ट काढली. "बुवा, माझ्या भाच्याला तुमची पोरगी शोभंल." बुवा हरखले. पुढच्याच आठवड्यात साताऱ्याला बघण्याचा कार्यक्रम ठरला. खूश नव्हती एकटी साळूबाई, बुवांची बहीण, सुहासिनीची आत्या. सांगलीत ती बरोबर होती आणि तिनंही काहीतरी हेरलं होतं.

"सुहास, इकडं ये. तुला एक सांगते, कुणापाशी बोलू नगंस. त्या पोराला एका कानानं ऐकू येत न्हाई."

"काहीतरीच काय, आत्या!"

"काहीतरी न्हाई. नीट बघ. बोलायला लागला की मान वाकडी. सारखा एकच कान म्होरं. उजव्या अंगाला कुणी बसलं की हा सरकून बसतो. आन् ते इमानाचं कायतरी दिवसभर कानाला लावल्यावर कान ऱ्हाईल व्हय जाग्यावर?"

सुहासिनीला सोप्यातलं बोलणं आठवलं. एकच कान झाकतो… का? असंच!

"मी परीक्षा घेते त्याची," साळूबाई म्हणाली. "तू नुसती दाराआडून बघ."

ठरल्या दिवशी पलूसची मंडळी आली. लालासाहेब, कृष्णात आणि त्याची आई मनुबाई. मनुबाईला आपल्या पोराचं कोण कौतुक! "आवं बुवा, अख्खं इमान खाली उतरवतो माझा कृष्णात. आमच्या पलूसच्या बाजारात मी ज्याला त्याला सांगते. वर इमान दिसलं की बाया मला इचारत्यात, 'मनुबाई, ह्ये तुझ्या पोरानं धाडलं व्हय?'"

कांदेपोहे झाले. बुवा कृष्णातला एकेक विचारत होते, तो मान कलती करून ऐकत होता. सुहासिनी दाराआड. आणि साळूबाई हातात मोठं पितळी ताट घेऊन पाय न वाजवता कृष्णातच्या मागं गेली… उजव्या अंगाला… आणि तिनं ताट सोडून दिलं.

ठाण्ण!

लालासाहेबांच्या हातची बशी हिंदकळली. मनुबाई "आगं बया" म्हणून छातीवर हात ठेवून उठली. बाहेर दोरीवरचे कावळे उडाले.

कृष्णात वळला नाही. बुवांकडं बघत होता तसाच बघत राहिला.

साळूबाईनं आत येऊन सुहासिनीचा दंड धरला. "बघितलंस? आता तरी पटलं? ठार हाय त्या अंगाला!"

पुढचं सगळं चोरपावलांनी झालं. साळूबाई बुवांच्या कानाशी लागली, बुवांचा चेहरा उतरला, आणि "विचार करून कळवतो" एवढंच ते बोलले. ज्याला समजायचं त्याला समजलं. लालासाहेब मनुबाईला घेऊन सांगलीच्या गाडीनं निघून गेले. कृष्णातला ड्युटीवर हजर व्हायचं होतं, तो मुंबईच्या गाडीसाठी स्टँडवर गेला. जाताना दाराकडं त्यानं एकदा पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

सुहासिनी मागच्या पडवीत उभी होती. बरं झालं, वाचलो, असं तिला वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढून एक गोष्ट हलत नव्हती. ताट पडलं तेव्हा सगळे ताटाकडं बघत होते. ती एकटी त्याच्याकडं बघत होती. आणि त्याचा उजवा हात… मांडीवरून उठून कानापर्यंत गेला होता.

ऐकूच आलं नसेल, तर हात कसा उठला?

मग हा बहिरा नाही. बहिरा नाही, तर वळला का नाही? आणि वळला नाही ते नाही, पण झाकतोय काय? तिला आता तिच्या संशयाचाच संशय यायला लागला.

"आत्या, चप्पल घाल."

"कुठं गं?"

"स्टँडवर."

"येडी का खुळी तू! लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर तुला नेतेय. टांगा बोलव."

स्टँडवर चिखल, भज्यांचा धूर, कंडक्टरांच्या आरोळ्या. मुंबईची गाडी लागलेली होती आणि कृष्णात पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. सुहासिनीनं हाक मारली नाही. सरळ समोर जाऊन उभी राहिली. पाठोपाठ साळूबाई, पदर सावरत, धापा टाकत.

"ताट पडलं ते ऐकू आलं होतं का?"

त्यानं पाय खाली घेतला. "आलं."

"खोटं."

"पितळी होतं. पडून उंबऱ्यापर्यंत फिरत गेलं. मग तुमच्या आत्यांनी पायानं थांबवलं."

साळूबाईनं "आत्ता गं बया" म्हणून तोंडावर पदर घेतला.

"मग वळला का नाही?" सुहासिनीचा आवाज चिरकला. "आमच्या घरानं एकदा फसून झालंय. मला आता गोड बोलणं नको. एकच कान का झाकता? आणि 'असंच' म्हणालात, तर ही गाडी उभी आहे."

कृष्णातनं पिशवी खाली ठेवली.

"पूर्वी मी दोन्ही कान झाकायचो," तो म्हणाला. "त्याचा मला गर्व होता. कानात ज्याचा आवाज, तेवढाच माझा. मागं तोफ उडाली तरी वळायचं नाही… एकदा असाच पाऊस होता. उतरणाऱ्या विमानाचा आवाज तुटक येत होता, म्हणून मी हेडसेट दोन्ही हातांनी दाबून धरला होता. दुसऱ्या एका विमानाला मी उंची चुकीची देऊन बसलो होतो. शेजारी बिराप्पा बसला होता, माझा जोडीदार, जतकडचा. तो ओरडत होता, कृष्णात, चुकलं, कृष्णात, बघ. मी वळलो नाही."

गाडीचं इंजिन सुरू झालं.

"मग?"

"बिराप्पानं माझ्या डोक्यावरचा हेडसेट ओढून काढला आणि तो बोलला. विमानं एकमेकांच्या बाजूनं निघून गेली. आतल्या माणसांना पत्तासुद्धा नाही. चहा पीत असतील, पोरांना मांडीवर घेऊन बसले असतील… बिराप्पा म्हणाला, हे मी सांगणार नाही, तू सांगायचंस. मी वर जाऊन सांगितलं. बरेच दिवस मला टॉवरमध्ये बसू दिलं नाही. बढती अडकली, ती अजून अडकलेलीच आहे. तेव्हापासून एक कान उघडा ठेवतो. शेजारच्या माणसासाठी. पण घरी कुणाला सांगितलं नाही. आई बाजारात काय सांगत फिरते, ते ऐकलंत ना तुम्ही…"

"आणि मला? सोप्यात विचारलं तेव्हा?"

"तुम्ही हसत होता. ते मोडवेना."

साळूबाईच्या तोंडावरचा पदर आता डोळ्यांकडं चालला होता.

"मग आज काय झालं? आज तर दोन्ही कान उघडे होते."

"बुवा बोलत होते. ताट वाजलं, हात कानाकडं गेला, मनात आलं वळावं… आणि जुनी खोड आडवी आली. मला वाटत होतं ती गेली. गेली नाही."

सुहासिनी त्याच्या अगदी जवळ सरकली. "ताटाच्या जागी मी असते तर? तुम्ही कामात आणि मी मागून जिवाच्या आकांतानं हाक मारली असती… वळला असता?"

कंडक्टरनं घंटी मारली. "ओ पावणं, येताय का ऱ्हाताय?"

कृष्णातनं कंडक्टरकडं पाहिलं नाही. तिच्याकडं पाहत होता. हो म्हणणं किती सोपं होतं! कुठल्याही तरुणानं म्हटलं असतं, वर दोन वचनं घातली असती.

"माहीत नाही," तो म्हणाला. "वळावं अशी फार इच्छा आहे. पण खरं विचाराल, तर माहीत नाही."

सुहासिनीचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत, इतक्या स्थळांत, तिच्या घरासमोर कुणी पहिल्यांदाच न लपवता आपली उणी बाजू उजेडात धरली होती.

"घरी येऊन आप्पांना हे सांगाल? सगळं?"

"सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर मी हो म्हणेन." तिनं त्याची पिशवी उचलली. "पण तुम्ही सांगितलं नाहीत, तर मी नाही म्हणेन."

गाडी धूर सोडत निघून गेली, कृष्णातशिवाय. रजा वाढवल्याची तार त्यानं तिथूनच केली. टांग्यात साळूबाई मुद्दाम मधे बसली, आणि थोडं अंतर गेल्यावर मुद्दामच बाहेर बघायला लागली.

बुवांनी सगळं शांतपणे ऐकलं. रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. एवढंच विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथं कशाला आलास? आधी पलूस."

कृष्णात पलूसला गेला. मनुबाई चुलीपुढं बसून रडली, मग उठून तोंड धुतलं आणि म्हणाली, "आता बाजारात ह्ये बी सांगीन. माझ्या पोरानं चूक केली आन् स्वतः जाऊन सांगितली. बघू कुणाच्या पोरानं सांगितलीया." आणि त्याला घेऊन ती स्वतः साताऱ्याला आली. मागणी घालायला, भर संध्याकाळी.

तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ यांचं. शरयू आपल्या नवऱ्याचा हात धरून पुढंच बसली होती. अक्षता पडताना बुवांना गाता आलं नाही. सुहासिनी मुंबईला गेली, तिचा संसार झाला. संशय काही तिनं सोडला नाही… पण विचारायची ती समोर उभी राहून, आणि तो सांगायचा.

आणि बिराप्पा? तो या लग्नाला आला होता म्हणतात. शेवटच्या पंगतीला जेवला, कुणाशी फार बोलला नाही, आणि पहाटेच्या गाडीनं पाळीवर गेला. त्याचं नाव कुठं लागलं नाही, त्याच्या गळ्यात कुणी हार घातला नाही. मित्र रागावेल याची पर्वा न करता त्यानं हात पुढं केला, आणि नंतर मात्र त्याची चूक त्यालाच सांगू दिली. तेव्हा माझं एवढं ऐका. आज आरतीला हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागणं मागाल, त्यात एक नाव आणखी घ्या. जतकडच्या बिराप्पाची आठवण ठेवा.